बस्त्याची गादी

अकोल्याच्या कापडबाजारातल्या त्या दुकानात साड्या दिसायच्या आधी बेबीताई ऐकू यायच्या. “या ना वैनी, उन्हाच्या आल्या, आधी पानी घ्या. साड्या काय पळून चालल्या का?” असा आवाज आला, की नुसत्या बघायला थांबलेल्या बायकासुद्धा चपला काढून आत येत. दुकान शेठचं आणि गादी बेबीताईंची, असं सारा बाजार म्हणत असे. बेबीताईंना तर ते इतकं खरं वाटे, की सुटीच्या दिवशी त्यांचा घरात जीव लागत नसे.

गादी म्हणजे माडीवरची, बस्त्याची. वऱ्हाडात लग्न जुळलं की दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचे कपडे घ्यायला येतात, त्याला बस्ता फाडणं म्हणतात. माणसं गाडी करून येतात. त्यात एक रुसलेली आत्या असतेच, वाटेत चहा न मिळालेला एक मामा असतो, आणि नवरीच्या शालूवर दोन्हीकडच्या बायकांचं एकमत व्हावं लागतं, जे पुढे आयुष्यभर कधी होणार नसतं. असा गोतावळा पांढऱ्या चादरीच्या गादीसमोर बसवायचा आणि हसतखेळत सगळा बस्ता आटोपून खाली पाठवायचा, हे काम भल्याभल्यांना जमत नाही. बेबीताईंना जमे. मामाला त्या आधी चहा देत आणि आत्याला आधी विचारत, की तुमच्या लग्नात शालू कोणता होता बाई. आत्या तिथेच विरघळून जाई.

त्यांची सगळी रीत बोलण्याची. एका हाताने साडी उलगडायची, दुसऱ्या हाताने काठ दाखवायचा, आणि तोंडाने या साडीत नवरी कशी दिसेल, फोटोत रंग कसा येईल, सासू कशी खूश होईल, हे सांगत राहायचं. गिऱ्हाईक एका साडीवर घुटमळलं की त्या दुसरी उलगडत, दुसरीवर घुटमळलं की तिसरी. दुपारपर्यंत त्यांच्यापुढे साड्यांचा डोंगर होई आणि घड्या घालणारी माणसं त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत. शांतता त्यांना सोसतच नसे. दुकानात कोणी बोलत नाही म्हणजे गिऱ्हाईक उठून चाललं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

माहेर वलगावचं, लग्न होऊन आल्या अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात. नवरा देवमन ऑटो चालवतो. माणूस भला, पण बोलायचं म्हटलं की त्याला संकट वाटतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी काय बोलत असेल तेवढंच. घरातलं बोलणं त्याने लग्नातच बायकोच्या नावावर करून टाकलं. पोरगी दामिनी, तीही बापावर गेलेली. दोघं मुके आणि मधे मी एकटी रेडिओ, असं बेबीताई हसत सांगत. दामिनी लहान असताना घर चालेना, म्हणून त्या दुकानात लागल्या, तेव्हा पहिल्यांदा त्यांना कळलं, की आपण ज्या बडबडीसाठी बोलणी खातो तीच इथे चालते. दुकानाने त्यांना मान दिला. म्हणून त्या गादीवर त्यांचा इतका जीव.

आणि मग नगमा आली.

नगमा जुन्या शहरातलीच. तिचे अब्बा कुर्बानभाई रफूचं काम करतात. कुठे साडी अडकून फाटली तर त्यांच्याकडे न्यावी, फाटलं कुठे होतं ते सापडत नाही. पोरगी बारीक, शांत, ओढणी नीट घेतलेली. विचारलं तर बोलायची, नाहीतर नाही. बेबीताईंनी पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “शेठनं ह्या पोरीले साड्या इकाले ठेवलं का साड्यावर पहारा द्याले?” सगळे हसले. नगमाही हसली, आणि उत्तर देण्याऐवजी तिने समोरच्या साड्यांची थप्पी सरळ केली. बेबीताईंना ते आवडलं नाही. टोमण्याला टोमणा मिळाला असता तर त्यांची तिच्याशी गट्टी झाली असती.

शेठने तिलाही माडीवर बसवलं, आणि वर्षभर सगळं ठीक चाललं. मग मागच्या दिवाळीनंतर एकदा बाळापूरकडची एक बाई धाकट्या पोरीच्या बस्त्याला आली. थोरलीचा बस्ता बेबीताईंनी फाडून दिला होता. जिना चढून ती वर आली, बेबीताईंना हसून रामराम केला आणि म्हणाली, “थे चूप राह्यनारी पोरगी कुठी हाये वं? माह्या भाचीच्या बस्त्याले होती थे.”

बेबीताईंनी हसतमुखाने नगमाला हाक मारली. पण त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही. त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, की आपल्याला नेमकं काय झालंय, आणि उत्तर सरळ होतं. त्या जळत होत्या. एखादीने जास्त गोड बोलून गिऱ्हाईक ओढलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. ही पोरगी काहीच न करता ओढत होती.

तेव्हापासून नगमाची एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. ती जेमतेम पंधरा-वीस साड्या उलगडायची, बाकीच्या तशाच. मोठा बस्ता आटोपला की खाली चहाला यायची नाही. मागच्या गोदामात जाऊन गाठोड्यावर एकटीच डोळे मिटून बसायची. बेबीताईंचं उलटं. बस्ता जितका मोठा तितक्या त्या ताज्या होत. पंचवीस माणसं गेल्यावर त्यांना आणखी पंचवीस हवी असत, आणि ज्या दिवशी गिऱ्हाईक नसे त्या दिवशी त्यांचं डोकं दुखे. माणसांनी माणूस दमतो, हे त्यांच्या कल्पनेबाहेरचं होतं. म्हणून त्यांनी शेठच्या कानावर घातलं, “पोरगी कामचोर हाये. दुकानात गर्दी असली का गोदामात जाऊन झोपते.” शेठने ऐकून घेतलं.

त्याहून एक गोष्ट त्यांना टोचत होती, पण ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. दामिनी कधीमधी डबा घेऊन दुकानात यायची. आता ती आईजवळ डबा ठेवायची आणि गोदामात नगमाजवळ जाऊन बसायची. बेबीताईंनी एकदोनदा दारातून डोकावून पाहिलं. दोघी गाठोड्यांवर बसलेल्या, एकीच्या हातात मोबाइल, दुसरीच्या हातात काही नाही, आणि बोलणं असं काही नाहीच. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “काय बोलता वं तुमी दोघी?” दामिनी म्हणाली, “काही नाही.” बेबीताईंचा त्यावर विश्वास बसला नाही. काही बोलायचं नसेल तर माणूस माणसाजवळ बसेल कशाला?

फेब्रुवारीत शेठने दोघींना बोलावून सांगितलं, की माडीवर दोन-दोन जणी बसतात, त्याने गिऱ्हाईक दोन्हीकडे पाहतं आणि वेळ जातो. उन्हाळ्याच्या लग्नसराईत बस्त्याच्या गादीवर एकीनेच बसायचं, दुसरीने खाली रोजच्या साड्यांवर. कोण कुठे, ते मी पाहून ठरवतो. बेबीताईंना हे ऐकून आधी हसूच आलं. मग नगमाकडे पाहिलं तर ती खाली पाहत होती, आणि शेठ नगमाकडे पाहत होता. त्यांचं हसू तिथेच राहिलं.

त्यानंतर बेबीताईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कधी केली नव्हती. मूर्तिजापूरकडची एक मंडळी येणार होती. दोन्ही घरं आधीच भांडलेली, साखरपुड्यातच ताटावरून उठलेली. त्यांचा फोन बेबीताईंनीच घेतला होता, म्हणून त्यांना सगळं ठाऊक. त्या दिवशी सकाळी त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि त्या घरी राहिल्या. पोटात दुखत होतंच म्हणा, फक्त ते दुखणं औषधाचं नव्हतं. भांडू देत तिच्यासमोर, कळू दे शेठला चूप राहून बस्ता फाटतो का, असा हिशेब होता. दिवसभर त्या घरात येरझारा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या तर शेठ पेढे वाटत होता. मंडळी सकाळी आली ती संध्याकाळपर्यंत बसली, आधी आपसात भांडली, मग भांडून थकली, आणि मग नगमाने पुढे ठेवलेल्या साड्या पाहायला लागली. “मी असतो तं मधात पडून ओरडलो असतो,” शेठ कौतुकाने म्हणाला. “या पोरीनं त्यायले भांडू देल्लं. भांडून मोकळे झाले.” बेबीताईंनी पेढा तोंडात टाकला. आपणच मोकळं रान दिलं, हे त्यांना गिळवत नव्हतं.

अशातच दामिनीचं लग्न जुळलं. नवरदेव नितेश, बेबीताईंच्या माहेरचाच, वलगावचा, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला. बस्ता अर्थातच अकोल्याला, आपल्याच दुकानात. अख्खा बाजार बेबीताईंना चिडवू लागला, की आता तुमच्याच पोरीचा बस्ता, बघू या कसा फाडता. पण त्यात अडचण होती. शालू नवरदेवाकडचा असतो, आणि तो ठरताना नवरीच्या आईने मधे तोंड घालायचं नसतं. ती गादीच्या पलीकडे, गिऱ्हाइकांत बसते आणि विहीणबाई म्हणेल त्याला छान म्हणते. म्हणजे साड्या दुसऱ्या कोणीतरी दाखवायच्या. बेबीताईंनी शेठच्या थोरल्या सुनेला गळ घालायचं ठरवलं होतं. जेवता जेवता तसं बोलून दाखवलं, तर दामिनीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, “माह्या बस्त्याले नगमा पाह्यजे.”

पोरीने आजवर काही मागितलं नव्हतं. बेबीताईंना नाही म्हणता आलं नाही, आणि त्या रात्रभर कुशीवर वळत राहिल्या. दुकानातलं गिऱ्हाईक पळवलं ते पळवलं, आता घरातलं माणूसही, असं त्यांना वाटत राहिलं.

बस्त्याच्या दिवशी वलगावहून गाडी भरून माणसं आली. विहीणबाई पार्वताबाई मधोमध बसल्या, त्यांच्या जाऊबाई बाजूला, दामिनी एका कडेला. बेबीताई गादीच्या पलीकडे, आयुष्यात पहिल्यांदा. इथून गादी फार उंच दिसते, हे त्यांना माहीत नव्हतं. शेठ जिन्याजवळ येऊन उभा राहिला. आज तो ठरवणार, हे बेबीताईंना त्याच्या उभं राहण्यावरून कळलं.

मानाच्या साड्या झाल्या, मामाचा चहा झाला, आणि शालूची वेळ आली. बेबीताईंनी दामिनीसाठी शालू मनात कधीच घेऊन ठेवला होता. गर्द मरून, भरगच्च बुट्टीचा. तसा शालू दुकानात आला की दरवेळी त्या उलगडून पाहत आणि परत घडी घालत. पार्वताबाईंना मात्र राणी रंग हवा होता. नगमाने मरूनही ठेवला, राणीही ठेवला, आणखी पाचसहा ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसली.

जाऊबाईंना लाल पाहिजे होता. पार्वताबाई म्हणाल्या, लाल तर सगळ्याच नेसतात. जाऊबाई म्हणाल्या, माझं मेलीचं कोण ऐकतं. मग दोघी गप्प झाल्या, आणि सगळी माडीच गप्प झाली. वर पंखा कुरकुरत होता. बेबीताईंच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. जाऊबाईंना नुसतं विचारायचं, तुमचा शालू कोणता होता बाई, की झालं. पण त्या बोलल्या नाहीत. थोडं रीतीसाठी, आणि खरं सांगायचं तर बरंचसं दुसऱ्या कारणासाठी. पडू दे नगमाला तोंडावर. शेठ पाहतोय. पोटची पोर समोर बसली असतानाही त्यांना हे वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली, तरी त्या बोलल्या नाहीत.

नगमाही बोलली नाही. तिने नुसता हात पुढे केला आणि लाल शालू उचलून मागे ठेवला. मग थोड्या वेळाने आणखी एक. समोरून बघताना बेबीताईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की ही पोरगी साड्या दाखवत नाही, काढून घेते. जिच्यावर कोणाची नजर परत गेली नाही ती साडी ती उचलते. त्यांच्या स्वतःच्या गादीवर डोंगर वाढत जायचा, हिच्यापुढे चादर मोकळी होत होती. शेवटी तिथे तीनच राहिले. राणी, मरून, आणि एक शेवाळी हिरवा, बारीक काठाचा, ज्याच्याकडे बेबीताईंनी पाहिलंही नव्हतं. नगमाने दामिनीकडे पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

“मले हा पाह्यजे,” दामिनी म्हणाली.

तिचं बोट शेवाळीवर होतं. आवाज मोठा नव्हता, पण माडीवर दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. बेबीताई तिच्याकडे बघतच राहिल्या. शेवाळी? पोरीला शेवाळी आवडतो? जन्मापासून तिचे सगळे कपडे आपण घेतले, लाल, गुलाबी, केशरी, आणि दरवेळी आपणच म्हटलं, बघ किती खुलते.

पार्वताबाईंनी शेवाळी शालू हातात घेतला, उलटापालटा केला आणि दामिनीकडे वळून पाहिलं. “बोलते का तं पोरगी,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, सारं बोलनं आईनंच घेऊन ठेवलं.” सगळी माडी हसली. जाऊबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या आणि त्यांचा लाल रंगाचा हट्ट त्यातच कुठेतरी गेला. शालू ठरला. बेबीताईही हसल्या. असल्या चिमट्याला त्या एरवी जागच्या जागी दुप्पट चिमटा काढत. आज त्यांनी नुसता पदर सावरून घेतला.

खाली गाठोडं बांधणं चाललं असताना शेठने त्यांना बाजूला घेतलं. “ताई, लग्नसराईत माडीवर नगमाले बसवतो. तुमी खाली राहा. रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत आनाले तुमच्याशिवाय कोनी नाही.” बेबीताई म्हणाल्या, “चालते ना, शेठ.” इतक्या वर्षांची गादी दोन शब्दांत गेली. आत काय होत होतं ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, ते त्यांना दुकानदारीनेच शिकवलं होतं.

पण त्यांचे पाय गोदामाकडे वळले. नगमा नेहमीसारखी गाठोड्यावर डोळे मिटून बसली होती, चेहरा उतरलेला, दिवसभर ओझी वाहिल्यासारखा. बेबीताईंनी न बसताच विचारलं, “तिले शेवाळी आवडते, हे तिनं तुले सांगतलं होतं का?”

नगमाने डोळे उघडले. “नाही, ताई. कसम से, काहीच नाही सांगतलं.”

“मंग तुले कसं मालूम?”

“मले पन नव्हतं मालूम,” नगमा म्हणाली. “दामिनी दोन-तीनदा तिकडे पाहून राह्यली होती. मी फकत थांबली.”

बेबीताईंना हे उत्तर फार लागलं. पोरीने गुपित सांगितलं असतं तर दोघींवर रागावता आलं असतं.

संध्याकाळी देवमनचा ऑटो आला. मागे बेबीताई आणि दामिनी, दोघींच्या मधे बस्त्याचं गाठोडं. ऑटो सुरू होताच बेबीताईंच्या मनात बोलण्याची रांग लागली. हिरवा रंग फोटोत उठत नाही, मरून एकदा अंगावर टाकून तर बघायचा होता, आणि ती पार्वताबाई आमच्याच वलगावची, तिला मी ओळखून आहे. पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. निव्वळ ईर्ष्येने. कालची आलेली पोरगी थांबू शकते, आणि मला थांबता येत नाही? बघू तर.

थांबणं भलतंच अवघड होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. रसाच्या गाड्या गेल्या, चष्म्याची दुकानं गेली. देवमनने एकदा आरशात पाहिलं. मोर्णेचा पूल आला. दामिनी बाहेर बघत होती, आणि बाहेर बघतच म्हणाली, “आई, मले तिकडे जायाचं भेव वाटून राह्यलं.”

बेबीताईंचं तोंड उत्तरांनी भरून आलं. नितेश किती चांगला, वलगाव काय परकं आहे का, तुझ्या मामाचं घर दोन गल्ल्या सोडून, सगळ्याच पोरींना असं वाटतं. एरवी पूल संपेपर्यंत त्यांनी पोरीची भीती पार झोपवून टाकली असती आणि तिच्या मनात काय होतं ते कधी कळलं नसतं. त्यांनी दातांत पदर धरला.

“थे घर लय चूप हाये,” दामिनी पुढे म्हणाली. “नितेश बी बोलत नाही, मी बी बोलत नाही. सकाळी उठीन तं तुहा आवाज नसन.”

पुलावरून खाली उतरून ऑटो जुन्या शहराच्या गल्लीत शिरला. बेबीताईंना आता खरंच बोलायचं होतं, आणि बोलता येत नव्हतं. त्यांनी गाठोड्यावरून हात पलीकडे नेऊन पोरीचा हात धरला. एवढा वेळ मागून बायकोचा आवाज येईना, म्हणून देवमनने ऑटो कडेला घेतला आणि वळून पाहिलं.

“काहून वं,” तो म्हणाला, “तब्येत बरी हाये ना तुही?”

बेबीताईंनी नुसती मान डोलावली.